पहिल्यांदाच अभ्यंग-स्वेदन: मला मानेसाठी, आईला गुडघ्यांसाठी. काय विचारून जावं?

कोरांटी
दोघींसाठी विचारतेय. मी ४२ वर्षांची, दिवसभर लॅपटॉपसमोर बसून काम. मान आणि उजवा फरा (खांद्यामागचं चपटं हाड) सतत आखडलेला असतो. हाताला मुंग्या नाहीत, पकड व्यवस्थित आहे. आई ६८ वर्षांची. दोन्ही गुडघ्यांची झीज, मधुमेह आणि रक्तदाब. जवळच्या पंचकर्म केंद्रात सात दिवसांचं पॅकेज सांगितलंय, रोज अभ्यंग (अंगभर तेलाची मालिश) आणि नंतर स्वेदन, म्हणजे पेटीत वाफ.
याने नेमका फायदा काय होतो आणि किती टिकतो? आत कपडे किती काढावे लागतात? दुखलं तर सांगायचं की सहन करायचं? आईला वाफ चालेल का? घरी केलं तर तेवढाच उपयोग होईल का? "शरीरातली विषद्रव्यं निघून जातात" वगैरे जाहिरात वाचून झाली आहे, ती पुन्हा नको.

ट्रॅपेझियस (फिजिओथेरपिस्ट)
विषद्रव्यांचं तुम्हीच बाजूला ठेवलंत, बरं झालं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, पाठ चोळून त्यांना मदत होत नाही. व्यायामानंतरचं लॅक्टिक ॲसिडही साधारण तासाभरात आपोआप खाली येतं, त्यासाठी कोणी रगडायची गरज नसते.

खरा फायदा तीन गोष्टींत आहे. आखडलेला स्नायू काही काळ सैल पडतो. त्या भागातून मेंदूकडे जाणारा दुखण्याचा संदेश दबतो, म्हणून मान आधीपेक्षा जास्त वळते. आणि तासभर कोणी शांतपणे अंग चोळलं की झोप चांगली लागते. यातलं काहीच कायमचं नाही. एका बैठकीचा परिणाम बऱ्याचदा दोन-चार दिवसांत ओसरतो, कारण खुर्ची, स्क्रीनची उंची आणि बसायची सवय तीच राहिलेली असते.

मानेबद्दल एक उपयोगी आकडा आहे. जुनाट मानदुखीवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६० मिनिटांची मालिश आठवड्यातून दोन-तीनदा, अशी चार आठवडे घेणाऱ्यांना स्पष्ट फरक पडला. ३० मिनिटांच्या बैठका घेणाऱ्यांना तसा पडला नाही. म्हणजे मॉलमधल्या खुर्चीतली दहा मिनिटं ही करमणूक समजा. सात दिवस सलग पूर्ण अंगाचं पॅकेज घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत चार आठवडे मान-खांदे-पाठ घेतलीत तर तुमच्या तक्रारीला जास्त जुळेल.

गुडघ्यांवरचा २०१२ चा अभ्यासही असाच आहे. आठवड्यातून एकदा ६० मिनिटं, आठ आठवडे स्वीडिश मालिश दिल्यावर दुखणं आणि हालचाल सुधारली. पण २४ व्या आठवड्याला मालिश घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत फरक उरला नव्हता. कूर्चा (सांध्यातली झिजलेली गादी) परत येत नाही. मांडीचा पुढचा स्नायू बळकट करायचे व्यायाम सोडून फक्त तेल लावत बसलं तर गुडघा आहे तिथेच राहतो.

दाबाचं सोपं माप सांगतो. दुखणं शून्य ते दहा धरा. पाच-सहापर्यंतचं "गोड दुखणं" चालेल. तुम्ही श्वास धरून ठेवलात, दात आवळलेत किंवा पायाची बोटं वळली, तर दाब जास्त झाला. त्या क्षणी स्नायू सैल पडायच्या ऐवजी उलट आवळतो आणि पुढची पंधरा मिनिटं वाया जातात. दुसऱ्या दिवशी व्यायामानंतर ठणकतं तसं ठणकलं तर ठीक, २४ ते ४८ तासांत ते जातं. काळेनिळे डाग हा काही मालिश "लागल्याचा" पुरावा नाही. केशवाहिन्या फुटल्या, एवढाच त्याचा अर्थ.

तीळतेल (वैद्य, पंचकर्म)
वरचं बहुतेक मान्य. जाहिरातीतल्या "डिटॉक्स"चा आणि शास्त्रातल्या शोधनाचा (शरीरशुद्धीच्या उपचारांचा) संबंध नाही हेही मान्य. अभ्यंग-स्वेदन हे मुळात पूर्वकर्म, म्हणजे मुख्य उपचाराआधीची तयारी. पुढे वमन (उलटी), विरेचन (जुलाब) किंवा बस्ती (एनिमा) काही करायचं नसेल तर सात दिवसांच्या मालिशीला "पंचकर्म" म्हणणं हा दुकानदारीचा भाग झाला. दिनचर्येतला अभ्यंग वेगळा, तो रोज करायचा. 'अष्टांगहृदय' लिहिणाऱ्या वाग्भटाने डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष करून तेल लावायला सांगितलंय. त्याच ठिकाणी कफाचा विकार असलेला, नुकतंच शोधन झालेला आणि अजीर्ण झालेला माणूस, या तिघांना मनाई केली आहे. सर्दी-तापात किंवा भरल्या पोटी मालिश नको, ही आजीची सूचना तिथूनच आलेली. जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्या.

आत काय होतं ते क्रमाने सांगतो. आधी वैद्याने नाडी-रक्तदाब पाहून प्रश्न विचारायला हवेत. थेट टेबलावर झोपवत असतील तर तिथूनच परत फिरा. मालिश द्रोणीवर, म्हणजे मालिशीच्या लाकडी टेबलावर होते. एका माणसाला साधारण १०० ते १५० मिली तेल लागतं, तीळतेल किंवा त्यात औषधी घालून कढवलेलं नारायण, बला, धन्वंतर यांपैकी एखादं. तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करतात. सुरुवात बसवून, डोक्यापासून. मग उताणं, एक कूस, पालथं, दुसरी कूस, परत उताणं आणि शेवटी पुन्हा बसवून. केरळी पद्धतीत दोघं जण दोन्ही बाजूंनी एका लयीत हात चालवतात. हातापायांवर लांब हात, सांध्यांवर गोल, पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, कारण मोठं आतडं त्याच दिशेने जातं. आयुर्वेदात हात केसांच्या दिशेने, वरून खाली चालतो. स्वीडिश पद्धतीत हृदयाच्या दिशेने नेतात. दोन केंद्रांत उलटसुलट अनुभव आला तर कोणी चुकलं असं समजू नका.

एकूण ४०-४५ मिनिटं. मग पेटीत बसवून वाफ, डोकं बाहेर. कपाळावर घाम फुटला आणि अंग हलकं वाटलं की वाफ थांबवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं भरायची नसतात, काही जणांना सहा-सात मिनिटं पुरतात.

आता आईंचं. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार चरक, त्याने स्वेदन कोणाला देऊ नये त्या यादीत मधुमेही स्पष्ट घातला आहे. तरी पॅकेज सरसकट विकतात. साखर आटोक्यात असेल आणि पायांना संवेदना असेल तर फक्त गुडघ्यांपुरता हलका शेक देता येतो. पूर्ण पेटी मी देणार नाही. त्यांना कोणती औषधं चालू आहेत?

कोरांटी
सकाळी पोटावर इन्सुलिन. रक्तदाबाची गोळी रात्री. तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल चालू आहे. आणि तळपायाला "कापूस बांधल्यासारखं" वाटतं म्हणते. हे केंद्रात कोणी विचारलंच नाही.

ट्रॅपेझियस
मग पेटीतली वाफ रद्द. पायाला कापूस बांधल्यासारखं वाटणं म्हणजे मधुमेहाने नसांची संवेदना कमी झालेली असू शकते. वाफेची नळी पावलाजवळ उघडते. चटका बसला तरी त्यांना कळणार नाही आणि फोड आलेला घरी गेल्यावर दिसेल. अशा पायावरची जखम भरायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत असेलच.

इन्सुलिनचा मुद्दा बहुतेक केंद्रांना ठाऊकच नसतो. जिथे टोचलं तिथे चोळलं किंवा ऊब दिली की इन्सुलिन रक्तात लवकर उतरतं आणि साखर अचानक खाली येते. त्या वेळी सुटणारा घाम वाफेचा समजून दुर्लक्षिला जातो. म्हणून इन्सुलिन घेतल्यावर नाश्ता व्हायला हवा, नाश्ता आणि मालिश यांच्यात दोन तास हवेत, पोटावर मालिश नको आणि पर्समध्ये ग्लुकोजची पुडी हवी. थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसलं की मालिश तिथेच थांबवायची आणि साखर द्यायची.

क्लोपिडोग्रेलमुळे थोड्या दाबानेही काळंनिळं होतं. कोपराने, अंगठ्याने किंवा लाकडी दांड्याने खोल दाब अजिबात नको. आणि जाण्यापूर्वी स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना एकदा विचाराच. तोवर एक गोष्ट तुम्ही स्वतः पाहा: एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी आहे का? असेल तर त्या पायाला तेलाचा हातही न लावता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शिरेत गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. लांबचा प्रवास, ऑपरेशन किंवा अंथरुणावर पडून राहणं यानंतर हे जास्त होतं.

तुमच्या बाबतीत मुंग्या नाहीत म्हणालात ते ठीक. पुढे कधी शर्टाची बटणं लावायला अडलं, चालताना तोल गेला किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं सुरू झालं, तर मालिश बाजूला ठेवून तपासणी करा.

द्रोणी (थेरपिस्ट)
जे लोक फोनवर विचारायला लाजतात त्याचं उत्तर देते.

कपडे: अभ्यंगाला कापडी किंवा कागदी लंगोट देतात आणि वर चादर. ज्या भागावर काम चालू असेल तेवढाच उघडा ठेवायचा, बाकी झाकलेला. बाईला बाईच थेरपिस्ट हवी, हे बुकिंग करतानाच बोलून घ्या, आयत्या वेळी "आज मॅडम रजेवर आहेत" ऐकावं लागतं. फक्त मान-खांदे घ्यायचे असतील तर मागून उघडणारा गाऊन पुरतो. छाती, जांघा वगळायला सांगितलं तर कोणीही वाईट वाटून घेत नाही. वाटून घेतलं तर उठून या.

जाताना बांगड्या, साखळी, घड्याळ घरी. केसांत तेल नको असेल तर आधी सांगा, कारण पहिला हात डोक्यावरच पडतो. लघवीला जाऊन या. हे साधं वाटतं, पण पालथं झोपल्यावर पोटावर दाब आला की अर्ध्यावर उठावं लागतं आणि तेलाच्या पायांनी फरशीवरून चालावं लागतं. पंचकर्म केंद्रातला सगळ्यात नेहमीचा अपघात हाच, घसरून पडण्याचा. द्रोणीवरून उतरताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, मग थेरपिस्टचा हात धरून चपलेत पाय. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

बोलायचं काय, तर "जरा हळू", "तिथेच जरा थांबा", "तेल फार गरम आहे". इतकं पुरतं. आम्हाला हाताखाली स्नायू कळतो, तुमचं दुखणं कळत नाही. बऱ्याच बायका डोळे मिटून सोसतात आणि बाहेर जाऊन रिसेप्शनवर तक्रार करतात, त्याचा उपयोग शून्य.

मानेसाठी येणाऱ्यांच्या पाठीवर हात ठेवला की गाठ बहुतेक वेळा एकाच जागी सापडते. फऱ्याची आतली वरची टोकदार कड असते ना, तिच्या थोडं वर. बोटाखाली जाड सुतळीसारखी तार सरकते. नवशिके तिच्यावर अंगठा रोवून घासत बसतात, दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. आधी पाच-सात मिनिटं सगळा खांदा तळहाताने सैल करायचा. मग त्या तारेवर अंगठा न घासता नुसता ठेवून ३०-४० सेकंद दाब, श्वास सोडताना थोडा वाढवायचा, आणि सोडून द्यायचं. तीन वेळा. चौथ्यांदा हावरटपणा करायचा नाही.

मानेच्या पुढच्या बाजूला, गळ्याच्या दोन्ही कडांना खोल दाब देणारा माणूस भेटला तर थांबवा, तिथे मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आहे. कमरेवर बरगड्यांच्या खाली मुठीने थापट्या मारणारेही असतात, त्या जागी आत मूत्रपिंड आहे.

ट्रॅपेझियस
याला जोडून सलूनमधल्या चंपीचं. डोक्याची चंपी हवी तेवढी घ्या. शेवटी हनुवटी आणि डोकं धरून "कट्" करून मान मोडतात ते मात्र आधीच नको म्हणा. त्या झटक्याने मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा आतला थर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आवाज म्हणजे सांध्यातला वायूचा बुडबुडा, काही "जागेवर बसल्याचा" पुरावा नव्हे.

गोठा
आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाची लाथ मारून घेतात. फरक पडतो म्हणतात. यावर जाणकार काय म्हणतील?

ट्रॅपेझियस
उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआपच उतरते, त्यामुळे तिसऱ्या दिवशी ज्याची लाथ पडली त्याला श्रेय. नुसता पाय टेकवून घेतलात तर तक्रार नाही. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कमरेत जोराची लाथ बसली तर मणका चेपू शकतो. पायाकडून जन्मलात म्हणून फ्रॅक्चर सोडत नाही. उसण ताजी असताना जोराची मालिशही नको. गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटं, आणि झोपून न राहता जमेल तेवढं चालणं.

कोरांटी
आईच्या डॉक्टरांना फोन केला. वाफ नको, हलकी मालिश चालेल म्हणाले. मग तिचं घरीच करावं असं ठरतंय. किती तेल, कसं, ते सांगाल का?

तीळतेल
दोन गुडघे, पोटऱ्या आणि पावलं यांना २५-३० मिली पुरे, म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे. साधं घाण्याचं तीळतेल घ्या. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून २४ तास पाहा, तिळाची ॲलर्जी असणारे लोक असतात. मोहरीचं तेल नको, नाजूक त्वचेला चुरचुरतं. वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही, तिथे तेल असमान तापतं, कुठे पोळतं तर कुठे गार राहतं. तेल तपासायचं ते तुमच्या मनगटावर. आईंच्या पायावर तपासण्यात अर्थ नाही.

आधी पाय उजेडात नीट बघा. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. भेग, फोड, लाल चट्टा दिसला तर त्या दिवशी तेल बंद. आई पाठीला उशी लावून बसल्या की गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल द्या, ताठ गुडघ्यावर हात चालत नाही.

मांडीच्या पुढच्या स्नायूपासून सुरुवात. गुडघ्याच्या वर चार बोटांपासून तळहाताने लांब हात, दोन-तीन मिनिटं. गुडघ्याची वाटी दुखते तेव्हा ती ओढून धरणारा हा स्नायूच बऱ्याचदा आखडलेला असतो आणि त्याला कोणी विचारत नाही. मग वाटीच्या कडेने बोटांच्या पेरांनी छोटी वर्तुळं, वाटीवर दाब न देता. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात नुसतं तेल लावा, तिथे वरवर शीर आणि नस आहे, दाबायचं नाही. पोटरीवर हलका हात. एका पायाला आठ-दहा मिनिटं खूप झाली. तळपायाला तेल जिरवा, पण बेचक्यांत राहू देऊ नका, ओलसर राहिलं की बुरशी धरते. गुडघा कधी गरम आणि सुजलेला असेल तर चोळू नका, तो दिवस विश्रांतीचा.

अर्ध्या तासाने कोमट पाणी आणि दोन चमचे हरभऱ्याचं पीठ. तळव्यांना साबण दोनदा. दिवाळीतलं अभ्यंगस्नान आठवा, उटण्याचं मुख्य काम हेच, जास्तीचं तेल ओढून घेणं. बाथरूममध्ये रबरी चटई आणि धरायला काहीतरी हवं. गुडघ्याच्या माणसासाठी मालिशीतला सगळ्यात धोक्याचा भाग न्हाणीघरातली ती चार पावलं.

द्रोणी
तुमच्या स्वतःच्या मानेसाठी दोन बैठकांच्या मधल्या दिवशी टेनिसचा चेंडू वापरा. भिंतीला पाठ, चेंडू कणा आणि फऱ्याच्या मधल्या मांसल भागात, कण्यावर नाही. गुडघे किंचित वाकवून वर-खाली, दुखऱ्या जागी थांबून ६० ते ९० सेकंद. दिवसातून दोनदा, बस्स. चेंडू घसरत असेल तर पायमोज्यात घालून त्याचं टोक खांद्यावरून हातात धरा.

आणि घरात मालिश सुरू करताय तर टॉवेलांचं ऐका. तेलाचे टॉवेल इतर कपड्यांत टाकू नका. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा, मग धुवा. ड्रायरमध्ये तर नकोच. वनस्पती तेल कपड्यात राहिलं की हवेशी संयोग होऊन आतल्या आत तापत जातं. ड्रायरमधून काढलेले कढत टॉवेल घडी घालून ढीग रचला की ती उष्णता अडकते आणि काही तासांनी कपाटातून धूर येऊ शकतो. स्पा आणि लाँड्र्यांना अशाने आगी लागल्या आहेत. दोरीवर, उन्हात, एकेक पसरून वाळवा. खवट वास जात नसेल तर तो टॉवेल फरशी पुसायला काढा, त्यात अजून तेल आहे.

कोरांटी
सात दिवसांचं पॅकेज नको म्हणून कळवलं. मानेसाठी आठवड्यातून दोनदा ६० मिनिटं, महिला थेरपिस्ट, असं विचारलं तर लगेच हो म्हणाले. आईसाठी रबरी चटई आज घेते.